शब्दभ्रम परिणाम
शब्दभ्रम परिणाम हा मेंदूकडून होणाऱ्या दृक्-श्राव्य संवेदनांच्या एकत्रीकरणाचा एक प्रकार आहे. आवाज आणि त्याच्याशी जुळणारी हालचाल एकाच वेळी, पण वेगवेगळ्या ठिकाणी घडल्यास आवाज हालचालीच्या ठिकाणाहून येत असल्याचा भास होतो.

उदाहरण
यशवंत पाध्ये आणि त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांच्या प्रयोगांमुळे 'अर्धवटराव' ही बोलकी बाहुली महाराष्ट्रात परिचित झाली. अशा प्रयोगात कलाकार ओठ न हलवता बोलतो व त्याच वेळी बाहुलीचे तोंड हलवतो. आवाज कलाकाराच्याच मुखातून येतो. तो बाहुलीचा आहे हा निष्कर्ष प्रेक्षकाचा मेंदू काढतो.

कारण
वस्तूची दिशा दृष्टिपटलावरील प्रतिमेच्या स्थानावरून थेट कळते. ध्वनीची दिशा मात्र तो दोन्ही कानांपर्यंत पोहोचण्याच्या वेळेतील व तीव्रतेतील सूक्ष्म फरकावरून ठरवावी लागते. त्यामुळे स्थाननिश्चितीत मेंदू सहसा दृष्टीवर अधिक विसंबतो. डेव्हिड अलेस व डेव्हिड बर यांनी २००४ मध्ये दाखवले की, दृश्य अतिशय अंधुक केल्यास उलट ध्वनीच दृश्याचे भासमान स्थान बदलतो. म्हणजेच, त्या क्षणी अधिक विश्वसनीय असलेल्या संवेदनेला मेंदू अधिक महत्त्व देतो.

संबंधित परिणाम
हॅरी मॅकगर्क व जॉन मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्ये वर्णिलेल्या मॅकगर्क परिणामात 'बा' हा ध्वनी 'गा' उच्चारणाऱ्या ओठांसह सादर केल्यास अनेकांना 'डा' ऐकू येते. गोंगाटात, तसेच कमी ऐकू येणाऱ्या व्यक्तींना, बोलणाऱ्याचे ओठ दिसल्यास बोलणे अधिक समजते, ते याच एकत्रीकरणामुळे.