‘जर उठणे’ : ओठांवरच्या फोडांचा इतिहास

१/ आषाढात मुळशीच्या घाटमाथ्यावर भातलावणी सुरू होते. डोक्यावर इरले आणि पाय चिखलात, अशा स्थितीत दिवसच्या दिवस जातात. मग कुणाला थंडीताप भरतो. तो उतरता उतरता ओठाच्या कडेला पाणीदार पुटकुळ्यांचा घोस दिसू लागतो. मराठीत याला ‘जर उठणे’ म्हणतात. आजचा थ्रेड या दोन शब्दांत साठलेल्या निरीक्षणाचा आणि ते सिद्ध व्हायला लागलेल्या काळाचा.

२/ ‘जर’ हे ‘ज्वर’ या शब्दाचेच झिजलेले रूप. मराठीने या फोडांना तापाचे नाव दिले. ग्रीकांनी त्यांची चाल पाहिली. ‘हर्पीस’ हा शब्द ‘सरपटणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला असून संस्कृतातील ‘सृप्’ धातू त्याचाच सगोत्र आहे. ‘सर्प’ त्यातूनच आला आणि आयुर्वेदातील पसरणाऱ्या त्वचाविकाराचे ‘विसर्प’ हे नावही.

३/ याच विषाणुकुळातल्या दुसऱ्या रोगाला आपण ‘नागीण’ म्हणतो. नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस दगावतो, ही समजूत आजही ऐकू येते. प्रत्यक्षात ती एका नसेच्या वाटेने, शरीराच्या एकाच बाजूला पसरते आणि सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. समजूत खोटी असली, तरी हा रोग पट्ट्याने पुढे सरकतो हे निरीक्षण अचूक होते.

४/ ताप आणि फोड यांचे नाते जुन्या डॉक्टरांनाही ठाऊक होते. न्यूमोनिया आणि हिवतापात ओठांवर फोड वारंवार दिसत. विषमज्वरात ताप चढा असूनही ते क्वचितच येत. प्रयोगशाळेतील तपासण्या दुर्मीळ होत्या, त्या काळात रोग ओळखताना रुग्णाच्या ओठांकडे पाहणे हा निदानाचा भाग होता.

५/ १८७३ साली फ्रेंच वैद्य व्हिडाल यांनी हा रोग माणसाकडून माणसाकडे जातो, असे दाखवले. १९१९ साली लोवेनस्टाइन यांनी ओठांवरच्या फोडांतील द्रवाने सशाच्या डोळ्यात रोग निर्माण केला. संसर्ग सिद्ध झाला, पण कोडे वाढले. रोग जर बाहेरून येतो, तर त्याच माणसाला, त्याच जागी, कुणाचा संपर्क नसताना तो पुन्हा पुन्हा कसा होतो?

६/ १९३० साली ब्रिटनमध्ये अँड्रूज आणि कार्मायकेल यांना विचित्र गोष्ट आढळली. ज्यांना वारंवार फोड येत, त्यांच्या रक्तात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आधीपासूनच होती. १९३९ साली ऑस्ट्रेलियात बर्नेट आणि विल्यम्स यांनी उलगडा मांडला : संसर्ग बहुधा बालपणीच होतो, विषाणू आयुष्यभर शरीरात मुक्काम करतो आणि निमित्त मिळाले की जागा होतो.

७/ यानंतरचा पुरावा थेट ‘जर’ या शब्दाला दुजोरा देणारा आहे. त्या काळी काही रोगांवर उपचार म्हणून कृत्रिम ताप आणला जाई. १९४० साली वॉरेन, कार्पेंटर आणि बोक यांनी नोंदवले की अशा तापानंतर अनेक रुग्णांना हर्पीसचे फोड आले. ‘अंगातली उष्णता बाहेर पडते’ हे आपल्याकडचे स्पष्टीकरण चुकीचे होते. आधी ताप, मग फोड, हा क्रम मात्र बरोबर होता.

८/ विषाणूचा मुक्काम कुठे? १९७२-७३ मध्ये मृत व्यक्तींच्या, चेहऱ्याला संवेदना पुरवणाऱ्या त्रिशाखी नसेच्या गाठीतून तो मिळवण्यात आला. ही गाठ कवटीच्या तळाशी असते. तिथून तो नसेच्या वाटेने ओठाकडे उतरतो, म्हणून फोड जवळपास त्याच जागी येतो आणि त्याआधी तिथे मुंग्या येतात.

९/ उपचारांचा इतिहास मात्र वळणावळणाचा. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली देवीची लस टोचली गेली. त्याच लशीचे डोस विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत ओठांवरचे फोड टाळण्यासाठी पुन्हा पुन्हा दिले गेले! १९५९ च्या तुलनात्मक अभ्यासात त्यांचा काहीही लाभ दिसला नाही. दुष्परिणामांचा धोका मात्र खरा होता.

१०/ खरे औषध १९७७ साली जगासमोर आले : गर्ट्रूड एलियन यांच्या चमूचे एसायक्लोव्हिर. विषाणूचे स्वतःचे विकरच या औषधाला कार्यरत करते, त्यामुळे ते मुख्यतः बाधित पेशींतच काम करते. १९८८ साली नोबेल मिळवणाऱ्या तिघांत एलियन होत्या. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांच्या केवळ प्रक्रियेलाच पेटंट ठेवले होते. त्यामुळे मुंबईच्या सिप्लासारख्या कंपन्यांना अशी औषधे स्वस्तात बनवता आली.

११/ औषध विषाणूला नसेच्या गाठीतून हुसकावू शकत नाही, म्हणून वेळ महत्त्वाची. मुंग्या येताच, फोड फुटण्याआधी, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या सुरू केल्या तर त्रास लवकर आटोपतो. वारंवार आणि तीव्र फोड येणाऱ्यांना काही महिने रोजची गोळीही दिली जाते. ताप, कडक ऊन आणि दगदग ही विषाणूला जागे करणारी कारणे. उन्हात काम करताना ओठांना सनस्क्रीन असलेले मलम लावल्याने उन्हामुळे येणारे फोड टळतात, हे १९९१ च्या अभ्यासात दिसले.

१२/ ५० वर्षांखालील सुमारे दोन-तृतीयांश माणसांत हा विषाणू असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बहुतेकांना तो फारसा छळत नाही, पण तीन ठिकाणी तो घातक ठरतो. डोळ्यात गेला तर बुबुळावर व्रण होऊन दृष्टी जाऊ शकते. अशा वेळी मनाने स्टेरॉइडचे थेंब घालू नयेत. इसब असलेल्या त्वचेवर तो झपाट्याने पसरतो. आणि नवजात बाळाच्या तर जिवावर बेततो.

१३/ म्हणून बारशाला जाताना ओठावर फोड असेल, तर बाळाचा पापा घेऊ नये. आजीनेही नाही, मामानेही नाही. आपल्या भाषेने शतकानुशतके या फोडाचे कारण नावातच जपून ठेवले. त्या ज्ञानाचा उपयोग पाळण्यातल्या जिवाला व्हावा, एवढे आपल्या हाती आहे.