गंज, गेरू आणि आमची जीप

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. दिवाळीनंतरचे जवळजवळ सगळे रविवार रत्नागिरीजवळच्या एका गॅरेजात पत्र्याच्या धुळीत गेले. कोल्हापूरहून पहाटे निघायचं, रात्री नाकातून लाल शेंबूड गाळत परत यायचं. बायको म्हणते, एवढं प्रेम माणसांवर केलं असतंस तर! असो.

आमची जीप १९६४ सालची, महिंद्रची, उंच बोनेटवाली. बाबांनी ती १९७९ साली सरकारी लिलावात घेतली. आंब्याच्या पेट्या, लग्नाची वऱ्हाडं, अडलेल्या बाळंतिणी, सगळं तिनं वाहिलं. बाबा गेल्यावर पाच वर्षं ती खोपीत उभी होती. दादाचं म्हणणं, पुण्याच्या एका हौशी माणसाला देऊन टाकू. तो जुनी बॉडी भंगारात काढून त्यावर नवी तयार बॉडी बसवणार होता. मी म्हटलं, आधी बघू तरी किती खाल्लीय गंजानं. (दादा, तू हे वाचतोयस हे मला ठाऊक आहे. शेवटपर्यंत वाच.)

चाचांनी पाहिलं ते अगदी साधेपणानं. चाचा म्हणजे बाबांच्या मिस्त्रींचे चिरंजीव, आता स्वतःच सत्तरीचे. एक जुना स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि गाडीखाली झोपून ठोकत सुटले. 'टण्ण' वाजलं तर पत्रा, 'भद्द' वाजलं तर लांबी. ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रू-ड्रायव्हर सरळ वर आला, माझ्या चपलेजवळ. मग ते चासीकडे वळले तेव्हा मात्र माझा श्वास अडकला होता. चासीच खाल्लेली असती तर विषयच संपला असता, दादाचंच खरं झालं असतं. चासी टणटणीत निघाली. दर मे महिन्यात बाबा खालून जळकं ऑइल चोपडायचे आणि आईच्या शिव्या खायचे, त्याचा हा प्रसाद.

गंमत म्हणजे ही गाडी इतकी वर्षं जगावी अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. १९४० साली अमेरिकन सैन्यानं १३५ कंपन्यांना विचारलं आणि नमुन्याची गाडी ४९ दिवसांत मागितली. बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं ती दिली. पुढे विलीज आणि फोर्डनं युद्ध संपेपर्यंत मिळून सुमारे साडेसहा लाख जीपा बनवल्या. युद्धातली गाडी वर्ष-दोन वर्षं टिकली तरी खूप. गंजाचा विचार करायला सवड कोणाला होती? त्या मूळ जीपच्या फ्लोअरखालच्या पट्ट्यांत लाकूड कोंबलेलं असायचं. ते भिजलं की पट्टी आतून सडायची. नदीनाल्यांतून जायची गाडी म्हणून फ्लोअरला पाणी काढायचं बूच होतं, एवढीच काय ती पाण्याची दखल.

के. सी. महिंद्र युद्धकाळात अमेरिकेत भारताच्या सप्लाय मिशनचे प्रमुख होते. १९४५ साली त्यांनी भाऊ जे. सी. आणि गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर 'महिंद्र अँड मोहम्मद' काढली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले (पुढे गव्हर्नर जनरलही) आणि १९४८ साली कंपनी 'महिंद्र अँड महिंद्र' झाली. याच सुमारास विलीजची जीप जोडायला सुरुवात झाली. आमचं उंच बोनेट ही पुढची गोष्ट. १९५३ साली विलीजनं जास्त ताकदीचं पण उंच इंजिन बसवायला बोनेटच वर उचललं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली बंद झालं, आपल्याकडे तो चेहरा त्यानंतरही कित्येक वर्षं धावला. दिसायला कुरूप म्हणणारे म्हणोत. मला ती घोंगडी पांघरून बसलेल्या म्हातारीसारखी वाटते.

तर, गंज. लोखंड मुळात मातीतून आलेलं, त्याला परत माती व्हायचंच असतं. पाणी आणि हवा मिळाली की झालं, आणि त्यात समुद्राचं मीठ असलं तर कामाला वेगच येतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा लागते, म्हणून रंगाला आधी फुगे येतात. फुगा दिसला की आपण काय करतो? खरवडतो, वर लांबी भरतो, रंग मारतो. लांबीखाली ओल अडकते आणि आत सावकाश जेवण चालू राहतं. आमच्या गाडीच्या मागच्या मडगार्डवर बोटभर लांबी निघाली. तिच्या खाली मडगार्ड असं नव्हतंच!

पहिला रविवार पेट्रोलची टाकी काढण्यात गेला. या जीपमध्ये ती ड्रायव्हरच्या सीटखाली असते, आणि तिच्या शेजारी वेल्डिंगची ज्योत नेणारा माणूस दुसरा रविवार पाहत नाही. मग ग्राइंडर. वरचा क्रीम रंग गेला, खाली हिरवा, त्याखाली पांढरा, त्याखाली करडा. क्रीम माझ्या मुंजीच्या वेळचा. हिरवा मला आठवतो, पांढरा आईला. करडा सरकारचा.

कुजलेला पत्रा चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचा, हा चाचांचा एकमेव नियम. मला दर वेळी वाटायचं, पुरे आता. ते आणखी दोन बोटं कापायचे. नवा पॅच १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर. एका बाजूनं सलग वेल्डिंग केलं तर पत्रा तापून पापडासारखा वळतो, म्हणून इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये चहा. चहाचं प्रमाण जास्त होतं हे मान्य :-)

जिथे गंज वरवरचा होता तिथे ब्रशनं घासून फॉस्फोरिक ॲसिडचं पाणी लावलं. तांबडा गंज बघता बघता काळा पडतो. म्हणजे लोखंड परत येत नाही, पण गंजाचं फॉस्फेट होऊन तो जागीच थिजतो. हे पाहताना मला दिल्लीचा लोहस्तंभ आठवला. आयआयटी कानपूरच्या बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास केला होता. गुप्तकाळातल्या त्या लोखंडात फॉस्फरस जास्त राहिला, कारण भट्टीत चुना घालत नसत. त्या फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर एक पातळ थर धरला आणि सोळाशे वर्षं त्यानं स्तंभाला राखलं. अर्थात दिल्लीची कोरडी हवाही मदतीला होती. चाचांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तो खांब इथे भाट्याच्या खाडीवर आणून उभा करा, मग बोलू."

त्यावर रेड ऑक्साइड. आणि हा रेड ऑक्साइड कोण? लोखंडाचाच ऑक्साइड, म्हणजे आपला गेरू! तुळशीवृंदावनाला लावतो तो. गंजापासून वाचायला गंजाच्याच सख्ख्या भावाला राखणीला बसवायचं. पूर्वी पुलांना आणि जहाजांना याऐवजी शिशाचा शेंदरी प्राइमर असे. तो तर मारुतीच्या अंगावरचा शेंदूरच. गंजाला उत्तम अडवायचा, पण शिसं विषारी, म्हणून तो मागे पडला.

आता दादासाठी. ड्रायव्हरच्या बाजूचं फ्लोअर उचकटताना डांबराच्या थराखाली एक पत्रा निघाला. १५ किलोच्या गोडेतेलाच्या डब्याचा, कात्रीनं कापलेला, रिव्हेट मारून बसवलेला. आतल्या बाजूला तेलाच्या कंपनीची अर्धी अक्षरं अजून वाचता येत होती. मी वैतागून फोटो आईला दाखवला. म्हटलं, बाबांसारखा टापटिपीचा माणूस, आणि हे असलं काम?

आई म्हणाली, "छ्याशी साल. अवकाळीनं आंबा गेला होता. फ्लोअर करायला पैसे काढून ठेवले होते ते दादाच्या इंजिनियरिंगच्या फीला गेले. डबा माझ्याच स्वयंपाकघरातला, अर्ध्या रात्री कापत बसले होते. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले."

तो डबा बाबांच्या पायाखाली इतकी वर्षं होता. त्याच्या कडेनंच गंज सगळ्यात जास्त पसरला होता, कारण डांबर आणि डब्याच्या मध्ये पाणी राहायचं. तो ठेवणं शक्यच नव्हतं. चाचा कटर घेऊन माझ्याकडे बघत थांबले. मी "कापा" म्हटलं.

तुकडा आईनं मागून घेतला. मला वाटलं, फोटोशेजारी ठेवेल. तिनं तो कोंबड्यांच्या खुराड्याला खिळ्यांनी ठोकलाय, मुंगूस शिरतं तिथे.

दादाचा परवा फोन आला होता. पुण्याच्या माणसाला नाही म्हणून कळवलंय म्हणाला, आणि फ्लोअरचा खर्च किती झाला ते विचारत होता. रंग अजून ठरायचाय. आईला पांढरा हवाय, मला हिरवा. मंडळी, तुमचं मत कळवा. आणि त्या फ्लोअरच्या बुचाचं वायसर कोणाकडे असेल तर तेही.