लहान राज्य, लांब नाव

अमेरिकेच्या पन्नास राज्यांत आकाराने सर्वांत लहान असलेल्या ऱ्होड आयलंडचे अधिकृत नाव २०२० पर्यंत सर्वांत लांब होते : ‘ऱ्होड आयलंड आणि प्रॉव्हिडन्स प्लँटेशन्स राज्य’. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मतदारांनी नावाचा उत्तरार्ध गाळला. ‘प्लँटेशन’ म्हटले की गुलामांच्या घामावर पिकलेले मळे आठवतात, हा आक्षेप होता. त्यावर जुन्या नावाचे पाठीराखे म्हणत, सतराव्या शतकात या शब्दाचा अर्थ निव्वळ ‘वसाहत’ असा होता. शब्दार्थापुरते हे उत्तर बिनतोड आहे. इतिहासापुरते मात्र नाही.

ही वसाहत वसवली रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाने. शासनाने माणसाच्या धर्मश्रद्धेत हात घालू नये आणि इंग्लंडच्या राजाला मूळ रहिवाशांची जमीन परस्पर वाटून देण्याचा अधिकार नाही, अशी मते मांडल्याबद्दल मॅसॅच्युसेट्सने १६३५ मध्ये त्याला हद्दपार केले. ऐन हिवाळ्यात तो निसटला, आणि १६३६ मध्ये नॅरागॅन्सेट जमातीचे प्रमुख कॅनोनिकस व मियांटोनोमी यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्याने प्रॉव्हिडन्स वसवले. त्यांची भाषा तो शिकला. तिच्यावरचे त्याचे पुस्तक १६४३ मध्ये लंडनला छापले गेले. १६६३ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने दिलेल्या सनदेत धर्ममतामुळे कोणाचाही छळ होणार नाही, असे स्पष्ट लिहिले होते. क्वेकरांची मते विल्यम्सला मुळीच रुचत नसत. म्हातारपणी त्याने त्यांच्याशी कडाक्याचा वाद घातला, पण त्यांना हाकलले नाही. न्यूपोर्टमध्ये ज्यूंना थारा मिळाला. १७६३ मध्ये खुले झालेले तिथले सिनेगॉग आज देशातले सर्वांत जुने उभे असलेले सिनेगॉग आहे.

येथवरची कहाणी शाळेतही शिकवतात. तिचा पुढचा भाग मात्र अवघड आहे.

१६५२ मध्ये प्रॉव्हिडन्स आणि वॉरिक या गावांनी कायदा केला, की काळ्या वा गोऱ्या कोणाही माणसाला दहा वर्षांहून अधिक काळ बांधून ठेवता येणार नाही. तो कागदावरच राहिला. १६७५ च्या युद्धात शेजारच्या वसाहतींच्या फौजांनी नॅरागॅन्सेटांचे दलदलीतले ठाणे जाळले, पुढच्या वर्षी प्रॉव्हिडन्स जळले, आणि युद्ध संपल्यावर पकडलेल्या मूळ रहिवाशांची सक्तीच्या चाकरीसाठी विल्हेवाट लावणाऱ्या समितीत खुद्द विल्यम्स बसला. मला या राज्याच्या इतिहासातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते. गुलामांच्या व्यापाऱ्यांची नावे वाचताना राग येतो. इथे रागही नीट येत नाही.

अठराव्या शतकात न्यूपोर्टच्या भट्ट्यांत कॅरिबियन बेटांवरून येणाऱ्या काकवीची रम होई. रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाई, तिच्या बदल्यात माणसे घेतली जात, आणि ती बेटांवर विकून पुन्हा काकवी येई. या राज्याच्या गलबतांनी अशा नऊशेहून अधिक फेऱ्या केल्या आणि सुमारे एक लाख माणसे वाहून नेली. म्हणजे मळे दूरच्या बेटांवर होते, गलबते आणि हिशेबाच्या वह्या इथे. प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन बंधूंच्या ‘सॅली’ या जहाजावर १७६४-६५ च्या एकाच फेरीत निदान १०९ जण मेले. पुढे त्या बंधूंपैकी मोझेस क्वेकर झाला आणि त्याने आपले गुलाम मुक्त केले. जॉन व्यापाराचे समर्थन करत राहिला. १७९४ च्या बंदी कायद्याखाली १७९७ मध्ये त्याच्यावर खटला होऊन त्याचे एक जहाज जप्त झाले. याच घराण्याचे नाव लावणाऱ्या विद्यापीठाने २००६ मध्ये या साऱ्याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला.

संघराज्याची घटना स्वीकारणारे मूळ तेरांतले हे शेवटचे राज्य. तेही १७९० मध्ये, ३४ विरुद्ध ३२ मतांनी. पुढे १६६३ ची सनद १८४३ पर्यंत चालवली गेली आणि मालमत्ता नसलेले गिरणी कामगार मताधिकाराबाहेर राहिले. १८४२ मध्ये टॉमस डॉरने त्याविरुद्ध बंड केले. पण त्याच्या पक्षाने केलेल्या घटनेत मताचा हक्क गोऱ्यांपुरताच होता. साहजिकच काळे नागरिक सरकारच्या बाजूने उभे राहिले, आणि नव्या घटनेत त्यांना मत मिळाले.

नॅरागॅन्सेटांची जमात १८८० मध्ये राज्याने कागदोपत्री संपुष्टात आणली. संघराज्याची मान्यता तिला १९८३ मध्ये मिळाली. नाव बदलण्याचा प्रस्ताव २०१० मध्ये आला तेव्हा पाऊणहून जास्त मतदारांनी तो फेटाळला होता. दहा वर्षांनी तो मंजूर झाला, तोही निसटत्याच बहुमताने.