सेविकेपासून नोंदणीकृत परिचारिकेपर्यंत

रुग्णसेवेचा इतिहास लिहिताना वैद्य व शल्यविशारद यांच्या नावांचा गौरव होतो. रुग्णाच्या उशाशी रात्र जागून काढणाऱ्या स्त्रियांची नोंद मात्र अभावानेच आढळते. त्यांतही ज्यांनी खालच्या पायरीवर पूर्ण वेळ राबत असतानाच वरच्या पायरीचे शिक्षण पूर्ण केले, त्यांची वाटचाल विशेष उद्बोधक आहे. अमेरिकेत ‘प्रॅक्टिकल नर्स’ व ‘रजिस्टर्ड नर्स’ अशा दोन श्रेणी आहेत. आपल्याकडील ए.एन.एम. व जी.एन.एम. हा भेद ज्यांना परिचित आहे, त्यांना या दोन श्रेणींमधील अंतराची साधारण कल्पना येऊ शकेल.

अमेरिकेत प्रशिक्षित परिचर्येचा पाया १८७३ मध्ये घातला गेला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या विचारांवर आधारलेली विद्यालये त्या वर्षी न्यूयॉर्क, न्यू हेवन व बोस्टन येथे सुरू झाली. बोस्टनमध्येच स्त्रिया व बालकांसाठीचे ‘न्यू इंग्लंड हॉस्पिटल’ होते. तेथे मेरी एलायझा महोनी नावाची कृष्णवर्णीय स्त्री सुमारे १५ वर्षे राबत होती. स्वयंपाक करावा, कपडे धुवावेत, फरशी पुसावी आणि गरज पडेल तेव्हा परिचारिकांच्या हाताखाली उभे राहावे, असा तिचा दिनक्रम होता. रुग्णालयाचा कानाकोपरा तिला ज्ञात होता, परंतु परिचारिका म्हणवून घेण्याचा अधिकार तिला नव्हता. अखेर १८७८ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, त्याच रुग्णालयाच्या विद्यालयात तिला प्रवेश मिळाला. अभ्यासक्रम १६ महिन्यांचा होता आणि कामाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत चाले. तिच्याबरोबर प्रवेश घेतलेल्या बहुसंख्य विद्यार्थिनी मध्येच गळाल्या. १८७९ मध्ये महोनी उत्तीर्ण झाली व अमेरिकेतील पहिली प्रशिक्षित कृष्णवर्णीय परिचारिका ठरली. त्या काळी परवाना नव्हता, नोंदणीही नव्हती. तथापि ज्या घरात मोलकरीण म्हणून वावरावे त्याच घरात शिष्या म्हणून बसण्यास लागणारे मनोधैर्य तेव्हाही आजच्याइतकेच दुर्मीळ होते.

‘प्रॅक्टिकल नर्स’ घडविण्याचे रीतसर शिक्षण न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे १८९२ मध्ये सुरू झाले. वाय.डब्ल्यू.सी.ए. या स्त्रीसंस्थेने तीन महिन्यांचा वर्ग काढला. वृद्ध, अपंग, दीर्घकाळ आजारी असलेले रुग्ण आणि बालके यांची घरी जाऊन सेवा करणे, तसेच पथ्याचा स्वयंपाक करणे, हे त्यात शिकविले जाई. नोंदणीचा पहिला कायदा १९०३ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्याने केला. प्रॅक्टिकल नर्ससाठी परवान्याचा पहिला कायदा १९१४ मध्ये मिसिसिपीत झाला. दोन श्रेणी आता कायद्यानेच वेगळ्या झाल्या.

या दोहोंमध्ये प्रारंभी शिडी नव्हती, भिंतच होती. नोंदणीकृत परिचारिका होण्यासाठी रुग्णालयाच्या विद्यालयात सुमारे तीन वर्षे वसतिगृहात राहावे लागे. बहुतेक विद्यालये विवाहितेस प्रवेश नाकारीत आणि शिकणाऱ्या मुलींच्या श्रमावर रुग्णालयाचा कारभार चालवीत. नोकरी सांभाळून, मुलेबाळे वाढवून शिकू पाहणाऱ्या स्त्रीस या व्यवस्थेत जागाच नव्हती. तिचा वर्षानुवर्षांचा अनुभव प्रवेशाच्या वेळी जमेस धरला जात नसे.

ही भिंत खचली ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या परिचारिकांच्या तुटवड्यामुळे. मिल्ड्रेड मॉन्टॅग या विदुषीने १९५१ मध्ये असा प्रस्ताव मांडला की, परिचर्येचे शिक्षण रुग्णालयातून काढून दोन वर्षांच्या महाविद्यालयात न्यावे. १९५२ पासून त्याचा प्रयोगही सुरू झाला. त्यांच्या मनात ‘तांत्रिक परिचारिका’ ही मधली, वेगळी श्रेणी होती. प्रत्यक्षात मात्र या महाविद्यालयांतील विद्यार्थिनी नोंदणीकृत परिचारिकेचीच परीक्षा देऊ लागल्या. योजनाकर्त्यांनी न योजलेले फळ ते हेच. घराजवळचे, माफक शुल्काचे कम्युनिटी कॉलेज हे प्रॅक्टिकल नर्सच्या आटोक्यातील पहिले दार ठरले. पुढे अनेक ठिकाणी तिचे पूर्वशिक्षण जमेस धरून अभ्यासक्रमाचा काही भाग माफ करणारे ‘सेतू’ वर्ग निघाले.

दार उघडले तरी उंबरठा उंचच होता. प्रथम शरीररचना, शरीरक्रिया व सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय उत्तीर्ण व्हावे लागत. कामाची पाळी संपवून संध्याकाळच्या वर्गास जायचे, तर मुलांना कोणीतरी सांभाळावे लागे. सर्वांत मोठी अडचण प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या तासिकांची. त्या बहुधा दिवसा, ठरलेल्या रुग्णालयात होत. स्वतःच्या नोकरीत वर्षानुवर्षे केलेले तेच काम तेथे मोजले जात नसे. जिने शेकडो रुग्णांना आंघोळ घातली तिला ती घालून दाखवावी लागे! पाळीची अदलाबदल करून देणारी सहकारी मिळाली तर शिक्षण, नाही तर नोकरी, असा तो पेच होता.

तो सोडविण्याचे दोन प्रयत्न न्यूयॉर्कमध्ये झाले. रुग्णालयीन कर्मचाऱ्यांच्या ‘११९९’ या संघटनेने १९६९ मध्ये मालकांच्या वर्गणीतून प्रशिक्षण-निधी उभारला. झाडूवाला असो वा परिचारिका, वरच्या पदाच्या शिक्षणाचा खर्च त्यातून मिळू लागला. दुसरीकडे राज्याच्या शिक्षणमंडळाने १९७१ मध्ये बाह्य पदवीची योजना आरंभिली. पुढे परिचर्येसाठीही ती लागू झाली. घरी अभ्यास करावा, लेखी परीक्षा द्याव्यात आणि शेवटी रुग्णालयात, खऱ्या रुग्णांसमोर, परीक्षकाच्या देखरेखीखाली सुमारे अडीच दिवस कसोटीस उतरावे, अशी तिची रीत होती. नोकरदार स्त्रियांना ती वरदान वाटली. तथापि प्रत्यक्ष तासिकांविना दिलेली पदवी सर्वांना मान्य नव्हती. डिसेंबर २००३ नंतर प्रवेश घेतलेल्यांना कॅलिफोर्नियाने परवाना नाकारला. ही शंका निराधार होती असे म्हणता येणार नाही, पण तिचा भार नेमका राबणाऱ्यांवरच पडला.

दरम्यान मोठ्या रुग्णालयांनी प्रॅक्टिकल नर्सच्या जागा घटविल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांपैकी पुष्कळजणी वृद्धसेवागृहांकडे वळल्या. ज्यांना रुग्णालयातच राहायचे होते, त्यांना शिक्षण ही हौस उरली नाही. तो पोटापाण्याचा प्रश्न झाला. आणि दोन वर्षांची पदवी हाती येते न येते तोच पुढची पायरी दिसू लागली. डिसेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा केला की, यापुढे नोंदणीकृत होणाऱ्या परिचारिकेने १० वर्षांच्या आत पूर्ण स्नातक पदवी मिळवावी. आधीच परवाना असलेल्यांना व त्या वेळी शिक्षण घेत असलेल्यांना त्यातून सूट देण्यात आली.