बाहुली उरली, नाव गेलं : कोकेशी, ठकी आणि पुण्यातला एक संग्रह

या मालिकेत आपण रोजच्या वापरातल्या वस्तूंमधून इतिहास वाचतो आहोत. आजची वस्तू आहे लाकडी बाहुली. ऐकायला विषय छोटा वाटेल, पण त्यातून एक मोठा प्रश्न निघतो. जुन्या वस्तू जपायच्या म्हणजे नेमकं काय जपायचं?

पुण्याचं आणि जपानचं नातं आता जुनं झालं. जपानी शिकणारी मुलं इथे घरोघर सापडतील, आणि सिंहगड रस्त्यावरची ओकायामा मैत्री बाग तर सगळ्यांनी पाहिलेली आहे. जपानला जाऊन आलेल्यांच्या शोकेसमध्ये कधीकधी एक बाहुली दिसते. तिला हात नाहीत, पाय नाहीत. लांबट धड, गोल डोकं, चार रेघांत काढलेला चेहरा आणि अंगावर लाल फुलं. हिला कोकेशी म्हणतात. ती उलटी करून पाहा. पारंपरिक कोकेशी असेल तर बुडाला बनवणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं.

आता आपल्याकडे या. आजीच्या ट्रंकेत, वाड्याच्या माळ्यावर एखादी ठकी निघते. ठकी म्हणजे आपली लाकडी बाहुली. भातुकलीत हिचा मान मोठा. बाहुला-बाहुलीच्या लग्नात नवरी हीच. तिलाही उलटी करून पाहा. बुडाला काहीही नसतं. हा फरक का पडला, ते आज बघू.

कोकेशीचा जन्म जपानच्या उत्तरेकडचा, तोहोकू नावाच्या डोंगराळ, बर्फाळ भागातला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास ही बाहुली तिथे रुळली. चरकावर लाकूड कातून वाडगे आणि तबकं करणारे कारागीर तिथल्या रानांत राहत. त्यांना जपानीत किजिशी म्हणतात, आपण कातारी म्हणू. शेतीची कामं उरकली की शेतकरी आसपासच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर अंग शेकायला जात. परतताना पोरांसाठी काहीतरी न्यायचं, म्हणून हे कातारी उरल्यासुरल्या लाकडाच्या बाहुल्या कातून विकू लागले. गावागणिक घडण बदलली. नारुकोच्या बाहुलीची मान फिरवली की ती कुईकुई वाजते. त्सुचियुच्या बाहुलीच्या डोक्यावर वर्तुळं असतात आणि अंगावर चरकावरच ओढलेले पट्टे. अशी दहा-अकरा घराणी मानतात. आपल्या गाण्यातल्या घराण्यांसारखीच ही विद्या बापाकडून मुलाकडे, गुरूकडून शिष्याकडे जाते.

पुढे कथिल्याची आणि सेल्युलॉइडची स्वस्त खेळणी आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलांनी लाकडी बाहुली टाकून दिली. ती वाचली ती मोठ्या माणसांमुळे, म्हणजे संग्राहकांमुळे. १९२८ साली आमाए तोमिया यांनी कोकेशीवर पहिलं पुस्तक काढलं. त्यानंतर हौशी मंडळी गावोगाव कारागिरांच्या दारात जाऊ लागली. तुमचं नाव काय, कोणाकडे शिकलात, तुमच्या गावात हिला काय म्हणतात, हे सगळं ती विचारत आणि टिपून ठेवत. बुडाला सही करायची रीतसुद्धा याच मागणीतून पक्की झाली. तोवर या बाहुलीला सगळीकडे चालेल असं एक नावही नव्हतं. कुठे देको, कुठे किबोको, कुठे कोगेसु. १९४० साली नारुको इथे जमलेल्या मंडळींनी ‘कोकेशी’ हे एकच नाव ठरवलं.

या टिपणांचा उपयोग पुढे झाला. कोकेशी म्हणजे ‘मूल पुसून टाकणं’, दुष्काळात मारलेल्या बाळांची आठवण म्हणून ही बाहुली ठेवत, अशी एक अंगावर काटा आणणारी कथा नंतरच्या काळात पसरली. आजही ती सांगितली जाते. पण जुनी गावठी नावं लिहिलेली होती, आणि त्यांतली बरीचशी नुसती बाहुली याच अर्थाची निघाली. त्यामुळे अभ्यासकांना त्या कथेला उत्तर देता आलं. म्हणजे बाहुलीबद्दल खोटं काय सांगितलं जातंय, हे नुसत्या बाहुलीवरून कळलं नसतं. ते वहीवरून कळलं.

आता पुण्यात येऊ. शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर हे १८९६ सालचे. घरचा व्यवसाय चष्म्यांचा, आणि स्वतः कवी, ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने लिहिणारे. १९२०च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पत्नी कमलाबाईंनी त्यांना आयुष्यभर साथ दिली. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, म्हणून संग्रहालयाला त्याचं नाव. केळकर देशभर हिंडले आणि त्यांनी काय आणलं? दिवे, अडकित्ते, वज्री, फण्या, दौती, कुलपं, खेळणी, बाहुल्या. संग्रह २० हजारांच्या वर गेला. तो त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. १९९० साली ते वारले.

हे काम केवढं मोठं आहे ते लक्षात घ्या. राजेरजवाड्यांच्या तलवारी जपायला माणसं असतात. बायकांनी आणि पोरांनी हाताळलेल्या वस्तूंना मात्र भंगारापलीकडे किंमत नव्हती, त्या काळात एका माणसाने त्या उचलल्या.

पण आपल्याकडच्या बहुतेक संग्रहालयांत अशा वस्तूंखालची पाटी वाचा. ठिकाण असतं, शतक असतं. कातारी कोण, चितारी कोण, हे क्वचितच सापडतं. याचा दोष संग्राहकाला देणं बरोबर नाही. तोहोकूत संग्राहक पोचले तेव्हा कारागीर जिवंत होते, चरक फिरत होते. आपल्याकडे वस्तू मिळायची ती मोडलेल्या वाड्यातून, बोहारणीकडून, जुन्या बाजारातून. बनवणारा दोन-तीन पिढ्या मागेच गेलेला असायचा. त्यात जातीची गोष्टही होती. ज्याच्या हातची वस्तू आपण घरात घेतो, त्याचं नाव विचारायची सवय आपल्या पांढरपेशा घरांना नव्हती.

जपानमध्येही सगळ्यांचं यावर एकमत नव्हतं. यानागी मुनेयोशी या विचारवंताने १९२५च्या सुमारास ‘मिंगेइ’, म्हणजे लोककला, हा शब्द रूढ केला आणि १९३६ साली टोकियोत लोककलेचं संग्रहालय उभं केलं. त्याच्या मते निनावीपणातच या वस्तूंचं सौंदर्य आहे. कारागीर स्वतःला पुढे करत नाही, म्हणून वस्तू सहज आणि निर्मळ उतरते. विचार सुंदर आहे. पण त्याची किंमत कारागिराने मोजायची असते, हे विसरू नये. उलट बाजूही बघा. संग्राहकांनी घराणी ठरवून दिली, तसं कारागिरांवर बंधनही आलं. अमुक गावच्या माणसाने अमुकच फूल काढायचं. आणि मुलांच्या हातातली वस्तू मोठ्यांच्या कपाटात गेली ती गेलीच.

तरी नाव विचारल्याने काय होतं, याचा दाखला आपल्याकडेही आहे. सावंतवाडीला चितार आळी आहे. तिथली लाखेच्या रंगाची लाकडी फळं आणि खेळणी आपण लहानपणी खेळलो. तिथेच गंजिफांचे पत्ते रंगवायची कला जवळपास संपली होती. १९७०च्या दशकात राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी हयात असलेल्या एका वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. आज ते पत्ते पुन्हा बनतात. तिथे नुसते जुने पत्ते गोळा केले असते तर कपाट भरलं असतं, हात तयार झाले नसते.

म्हणून आपल्या हातात काय आहे ते सांगून थांबतो. दिवाळीच्या साफसफाईत ठकी, पांगुळगाडा, लाकडी चूल-बोळकी निघाली तर लगेच टाकू नका, आणि लगेच पॉलिशही करू नका. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा. ही कोणाची? कुठून आणली, तुळशीबागेतून की जत्रेतून? बनवणारा ओळखीचा होता का, त्याला काय म्हणायचे? हे एका कागदावर तारखेसह लिहा आणि कागद त्या वस्तूबरोबरच ठेवा. आणि आज कुठे चरकावर काम करणारा माणूस दिसला, तर भोवरा विकत घेताना त्याचं नावही विचारा. ज्या पिढीला ही नावं आठवतात ती आता ऐंशीच्या घरात आहे, तेव्हा हे विचारणं पुढच्या वर्षावर टाकू नका.