पैजेचा विडा आणि हॉटेलातले घड्याळ

वसईच्या वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या दोन पाने बाहेर गेली. एक जेवायला मांडायचे केळीचे, दुसरे जेवणानंतर खायचे नागवेलीचे. खाण्याच्या पैजेचा आपल्याकडचा सगळा जुना कारभार या दोन पानांच्या दरम्यान घडला. पैज घेणाऱ्याने विडा उचलायचा, म्हणजे नागवेलीचे पान आधी. आणि मग केळीच्या पानावर जे वाढले जाईल ते संपवायचे.

'पैज' हा शब्द 'प्रतिज्ञा'चा अपभ्रंश. पैशांची होड हा त्याचा अर्थ नंतरचा. मूळ अर्थ चारचौघांत दिलेला शब्द. ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात मराठी बोलाचा गोडवा अमृताशी पैजेला लावला, तेव्हा त्यांच्या मनात हाच अर्थ होता. खाण्याची पैजही मुळात अशीच : अमुक इतके खाईन, हा शब्द. तो मोडला तर पैसा जाई किंवा न जाई, पण गावात तोंड दाखवायची पंचाईत होई.

आपल्या कथांमधली सर्वांत जुनी खाण्याची झुंज महाभारताच्या वनपर्वात आहे, आणि तिच्यात यजमान शत्रू आहे. इल्वल हा आपला भाऊ वातापी याचा मेंढा करून तो पाहुण्याला रांधून वाढी आणि जेवण झाल्यावर त्याला हाक मारी. वातापी पोट फाडून बाहेर येई. अगस्त्यांनी तो खाल्ला आणि पचवला. हाकेला ओ द्यायला कुणी उरलेच नाही. जेवणानंतर पोटावरून हात फिरवत अगस्तीचे नाव घेणारी म्हातारी माणसे आमच्या पिढीने पाहिली आहेत. त्या नावामागची खरी शहाणीव अशी, की जिंकणे खाण्यात नसून पचवण्यात आहे. आदिपर्वात बकासुरासमोर बसून त्याचेच गाडाभर अन्न फस्त करणारा भीम आपल्याला जास्त आवडतो. पण त्याच पर्वात श्वेतकी राजाच्या यज्ञातले तूप बारा वर्षे खाऊन प्रत्यक्ष अग्नीला अजीर्ण झाल्याची कथाही आहे. खांडववन जळाले ते या अजीर्णावरचा उतारा म्हणून. अग्नीलाही पचत नाही अशी एक मर्यादा असते, हे सांगणारी कथा भीमाच्या कथेइतकी सांगितली जात नाही.

पंगतीतला यजमान इल्वलाच्या अगदी उलट. खाणारा जिंकावा अशीच त्याची इच्छा असते, कारण पाहुण्याने हात आखडला तर कमीपणा घरमालकाला. 'आग्रह' ही मराठी पंगतीची खास संस्था यातूनच आली. 1783 मध्ये सवाई माधवरावांचे लग्न झाले. त्या समारंभाच्या बंदोबस्ताची याद प्रसिद्ध आहे. पेशवाईच्या दृष्टीने पंगत हा राज्यकारभाराचाच एक भाग होता. अशा मोठ्या जेवणावळींच्या शेवटी, पोटे भरल्यावर, पैजा लागत. प्रत्येक जादा लाडवामागे एक रुपया, जिलबीच्या प्रत्येक वेढ्यामागे काही दक्षिणा, असे प्रकार जुन्या लोकांच्या सांगण्यात ठिकठिकाणी आढळतात. आकडे अर्थात सांगणाऱ्यागणिक फुगत जातात. त्यांवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे. हिशेब नगांचा असे, वेळेचा नव्हे. पंगतीत सगळ्यांचे आटोपल्याशिवाय कुणी उठायचे नाही, हा दंडक होता. पैज घेणारा अर्धा तास एका लाडवाशी झुंजत बसला तरी दोन्हीकडच्या रांगा हात वाळवत बसून राहत. तो प्रेक्षकवर्ग आयताच मिळे.

या चित्राला एक कडेची बाजूही आहे. पंगतीबाहेर उष्ट्याची वाट पाहत बसलेली माणसे असत, आणि त्यांच्या पोटावर कुणी पैज लावत नसे. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'च्या पहिल्याच प्रकरणात जन्मापासून मृत्यूपर्यंत कुणब्याला कोणत्या निमित्ताने भटभोजने घालावी लागतात त्याची यादी दिली आहे. लाडवामागे रुपया देणाऱ्या यजमानाचा तो रुपया कोणाच्या शेतातून आला, हे त्या यादीवरून कळते. पैजेच्या गमतीदार आठवणी लिहिणाऱ्यांनी फुले शेजारी ठेवून लिहावे, असे मला वाटते.

1867 मध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत लोकल सुरू झाली आणि वसईच्या जेवणात घड्याळ आले. गाडी पंगतीसाठी थांबत नाही. पुढे कोकणातून, घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेला माणूस खानावळीत जेवू लागला, तेव्हा जबर खाणाऱ्याची किंमत एकदम बदलली. खानावळीचा हिशेब महिन्याचा, जेवण पोटभर. पंगतीत ज्याच्यामुळे यजमानाची शोभा वाढे, तोच माणूस खानावळवालीच्या पोटात गोळा आणू लागला. तिचे सगळे गणित सरासरीवर : दोघांनी कमी खाल्ले की तिसऱ्याच्या चार भाकऱ्या निघतात. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले, ते अशाच कर्जात बुडालेल्या खानावळवाल्या बायकांसाठी. त्यांच्याकडे कुणी खाण्याची पैज लावली असती तर बाईंनी लाटणे उगारले असते. मधल्या काळात, 1943 साली, मुंबईत धान्याचे रेशनिंग आले होते. हॉटेलातली राईस प्लेट हा या काळाचा खरा पदार्थ : मोजका भात, मोजक्या पोळ्या, जादा हवे असेल तर जादा पैसे.

म्हणून हॉटेलने स्वतःच पैज लावावी, ही कल्पना आपल्याकडे उशिरा आली. अमेरिकेत टेक्सासमधील अमारिलो गावच्या एका हॉटेलात 1960 पासून 72 औंसांचा, म्हणजे सुमारे दोन किलोचा गोमांसाचा तुकडा जोडीच्या पदार्थांसह तासाभरात संपवणाऱ्याला जेवण फुकट मिळते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरची हॉटडॉग खाण्याची स्पर्धा 1916 पासून चालू असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले गेले. पुढे ती जन्मकथा आपण रचली असे तिच्या प्रसिद्धीप्रमुखानेच कबूल केले. म्हणजे परंपराही जाहिरातीसाठी शिजवता येते.

आपल्याकडचे गाजलेले उदाहरण मावळातल्या वडगावचे. कोरोनाने रिकामी झालेली टेबले भरावीत म्हणून तिथल्या 'शिवराज' हॉटेलने जानेवारी 2021 च्या सुमारास 'बुलेट थाळी' काढली. तळलेली सुरमई आणि पापलेट, सुके मटण, तंदुरी चिकन, कोलंबीची बिर्याणी असे सुमारे चार किलो सामिष अन्न एकट्याने 60 मिनिटांत संपवायचे. बक्षीस रॉयल एनफिल्डची बुलेट. थाळीची किंमत 2500 रुपये, गाडीची दीड लाखाच्या वर. सोलापूरकडच्या एका गड्याने ती जिंकलीही. गर्दी मात्र न जिंकणाऱ्यांची झाली, आणि व्यवहार त्यांच्यावरच चालतो. खानावळवालीला नको असलेला खादाड इथे पुन्हा पाहुणा झाला, आता जाहिरात म्हणून.

याच वडगावात जानेवारी 1779 मध्ये मराठ्यांनी इंग्रज फौजेला कोंडले होते. वाटेवरची गावे ओस पाडून, रसद तोडून तिला तह करायला लावला. पुढल्याच वर्षी डिसेंबरात इंग्रजांनी वसई घेऊन त्याचे उट्टे काढले. उपासमारीने जिंकलेल्या गावात दोनशे बेचाळीस वर्षांनी अतिभोजनाची पैज लागावी, यात अर्थ शोधण्याची गरज नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाला तो योगायोग नजरेआडही करता येत नाही.

काळजी वाटते ती त्या 60 मिनिटांची. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण वीस मिनिटे लागतात. रेंगाळणाऱ्या पंगतीत शरीराचा नकार वेळेवर पोहोचत असे. 'पुरे' म्हणायला माणसाला अवकाश होता आणि हरणाऱ्याला हसण्यापलीकडे कुणी काही करत नसे. घड्याळ लावले की त्या नकाराच्या आधीच घास आत ढकलावा लागतो. 2024 च्या ओणमात केरळच्या पालक्काड जिल्ह्यात इडल्या खाण्याच्या स्पर्धेत घास अडकून एक माणूस गेला. इडलीसारखा मऊ पदार्थ, आजाऱ्याला देतो तो.

वसई स्टेशनबाहेरच्या रस्त्यांवर आता 'अनलिमिटेड थाळी'च्या पाट्या दिसतात. अशा पाट्यांखाली बारीक अक्षरात अटी असतात : थाळी वाटून खाऊ नये, अन्न टाकल्यास जादा आकार पडेल. टाकू नये ही अट पंगतीचीच आहे. वाटून खाऊ नये, ही नवी. बिल भरताना वाटीत बडीशेप मिळते. विडा हवा असेल तर तो बाहेरच्या टपरीवर, वेगळ्या पैशांनी.