प्रवाळावरचं गोडं पाणी

छोट्या बेटांचा इतिहास आपण बहुधा ती कुणाकडून कुणाकडे गेली एवढाच वाचतो. लक्षद्वीपचंही तेच. इथे कण्णूरच्या अरक्कल या मुस्लिम घराण्याचा अंमल होता, काथ्याच्या व्यापारावर त्यांचीच मक्तेदारी. जाचाला कंटाळून अमिनीच्या लोकांनी टिपू सुलतानाकडे गाऱ्हाणं नेलं आणि पाच बेटं म्हैसूरला जोडली गेली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं आणि ती कंपनीकडे आली.

कवरत्तीला गेलो तेव्हा मला या सनावळीपेक्षा एका उथळ विहिरीनं जास्त वेळ अडवलं. चहूबाजूंना खारा समुद्र, आणि वाळूखाली चार हातांवर गोडं पाणी! पावसाचं पाणी प्रवाळाच्या सच्छिद्र थरात मुरतं आणि हलकं असल्यानं खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. जास्त उपसा केला की खालचं खारं पाणी वर चढतं. वजूपासून स्वयंपाकापर्यंत पिढ्यान् पिढ्या याच पातळ थरावर निभावलं.

सगळी मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेत माणसं ६४ हजार. परवान्याशिवाय प्रवेश नाही, याबद्दल पर्यटक कुरकुरतात. मला तर ही अट सैलच वाटते. लाटा अडवते ती प्रवाळाची भिंत, आणि १९९८, २०१० व २०१६ मध्ये समुद्र तापून तेच प्रवाळ पांढरे पडले. बंगारमजवळचं परळी-१ हे निर्जन बेट तर झिजून पाण्याखाली गेलं. ते कुणी जिंकलं नव्हतं, म्हणून सनावळीत सापडत नाही.